पन्नास टक्के कशाचे

थोरलीने ते यंत्र पहिल्यांदा घरी आणलं त्या संध्याकाळी घरात नुसता धुडगूस चालला होता. यंत्र म्हणजे काय, दिसायला मोठा चिमटा. मुठीत धरायचा, जीव खाऊन दाबायचा, की वरच्या तबकडीतला काटा सरकतो आणि तुमच्या पकडीत किती किलोंचा जोर आहे ते चारचौघांत सांगून टाकतो. थोरली एका फिजिओथेरपीच्या दवाखान्यात कामाला होती. तिथे हे यंत्र नवीनच आलं होतं आणि दवाखान्याच्या मोठ्या मॅडम तिला म्हणाल्या होत्या, थेट रोग्यांवर प्रयोग नकोत, आधी घरच्यांवर हात बसवून ये.

मग काय विचारता! आईने एकदा दाबलं आणि काटा कुठे थांबला ते तळहाताखाली झाकून टाकलं, शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. धाकटा भाऊ मोबाइलच्या दुकानात कामाला, त्याने तोंड लालबुंद होईपर्यंत दाबलं आणि यंत्रच बिघडलेलं आहे असं जाहीर करून टाकलं. शेवटी बाबांनी बाह्या सरसावल्या. काटा गेला तो थेट चाळीसवर. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, आणि बाबा पुढचे आठ दिवस दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला चाळीस, चाळीस करत बसले.

बाबांचं काचेचं दुकान होतं. खिडक्यांच्या, दारांच्या, दुकानांच्या दर्शनी भागाच्या काचा कापायच्या आणि जागेवर नेऊन बसवायच्या. भागीदार एकच, लंबूकाका. उंची इतकी की दुकानाच्या दारातून आत येताना मान झुकवायची जन्माची सवय लागलेली. बाबा त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हते. ही जोडी मोठी काच घेऊन रस्त्याने निघाली की लोक हमखास वळून बघत, कारण काच नेहमी तिरकी दिसायची, बाबांकडे उतरती. लंबूकाका बाबांना चिडवायला ‘मालक’ म्हणत, तेही अरे-तुरे करत. त्या संध्याकाळी तेही चहाला घरीच होते. थोरलीने यंत्र त्यांच्यापुढे धरलं तर म्हणाले, ही खेळणी पोरांना दे, आणि कप उचलून बाल्कनीत निघून गेले.

आता थोरलीच्या मनातली एक सल इथेच सांगून टाकली पाहिजे, नाहीतर पुढचं तिने का केलं ते कळायचं नाही. बाबा तिच्या कामाला ‘मालिश’ म्हणायचे. कुणी विचारलं, मुलगी काय करते, तर म्हणायचे, शिकली पुष्कळ, आता लोकांचे पाय चेपते. हसून म्हणायचे, लोकही हसायचे, थोरलीही हसायची. पण ते तिला लागायचं. इतकी वर्षं अभ्यास करून, हाडन् हाड आणि स्नायून् स्नायू पाठ करून आपल्या बापाच्या लेखी आपण पायच चेपतोय, हे तिच्या घशाखाली कधी उतरलं नाही.

पुढे बाबा दुकानाच्या माळ्यावरून उतरताना शिडीवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात वाळक्या काटकीसारखा झालेला. थोरलीने दवाखान्यात नेऊन यंत्र हातात दिलं. बाबांनी दात आवळून दाबलं आणि काटा वीसवर थांबला. तिने त्यांना सरळ सांगितलं की चाळीसचे वीस झालेत, म्हणजे निम्मी पकड गेली, पन्नास टक्के. घरी येईपर्यंत बाबा तो हात दुसऱ्या हाताने पोटाशी धरून चालत राहिले.

त्यानंतर घराची अगदी रया गेली. बाबा दुकानात नुसते बसून राहायचे. लंबूकाका छोट्या काचा एकट्याने बसवायचे आणि मोठ्या काचेचं गिऱ्हाईक आलं की काहीबाही सांगून परत पाठवायचे. घरी बाबा बरणीचं झाकण उघडायला जायचे आणि नाही उघडलं की बरणी तशीच ठेवून गच्चीत जाऊन उभे राहायचे. आईला ते बघवेना. तिने काय करावं? सकाळी लवकर उठून घरातल्या सगळ्या बरण्यांची, बाटल्यांची झाकणं सैल करून ठेवायला लागली. नळसुद्धा कधी घट्ट बंद करेना. बाबांनी झाकण फिरवलं की ते लोण्यासारखं फिरायचं, आणि आई पाठमोरी उभी राहून भाजी ढवळत राहायची. थोरलीने हे पाहिलं होतं. तिला हसू आलं होतं, आणि आईचं कौतुकही वाटलं होतं.

व्यायाम मात्र थोरलीने कसून करून घेतले. ओला टॉवेल पिळायचा, रबरी चेंडू दाबायचा, कणीक मळायची. बाबा कुरकुरत, पण करत. दोनेक महिन्यांनी तिने पुन्हा यंत्र हातात दिलं आणि काटा तीसवर गेला. तबकडी तिच्या बाजूला होती, बाबांना आकडा दिसला नाही.

मोठ्या मॅडमची एक पद्धत होती. दवाखान्यात आल्यावर रोग्याची जी पहिली मोजणी होई, तिच्यापासून किती टक्के वाढ झाली ते संगणकावर काढायचं आणि नुसते टक्के मोठ्या ठळक अक्षरात छापून रोग्याच्या हातात द्यायचं. माणूस टक्के बघून फुलतो, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. बाबांची पहिली मोजणी वीस. आता तीस. वाढ दहाची, वीसवर दहा म्हणजे निम्मी. तेव्हा कागदावर आलं, प्रगती पन्नास टक्के. हिशेबात काडीचीही चूक नव्हती. कुणी कुठल्याही शाळेत नेऊन दाखवावा, मास्तर बरोबरच म्हणतील.

पण बाबांनी तो कागद वाचला, चष्मा कपाळावर चढवला, आणि म्हणाले, “पन्नास गेले होते, पन्नास आले. फिटंफाट.”

थोरलीच्या लगेच लक्षात आलं. वीसचे पन्नास टक्के आणि चाळीसचे पन्नास टक्के एकच असं बाबा धरून चाललेत. जे गेले ते वीस होते आणि आलेत नुसते दहा. चाळीसला अजून दहा कमीच आहेत, आणि वीसवरून चाळीसवर जायचं तर वाढ शंभर टक्के लागते, पन्नास नाही. तिने बोलायला तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात बाबा उठले आणि बाहेर बाकावर बसलेल्या झाडून सगळ्या रोग्यांना कागद दाखवत म्हणाले, “ही माझी मुलगी. माझा गेलेला हात परत आणला हिने.”

आणि थोरलीने उघडलेलं तोंड मिटलं.

तिला पुढे कितीदा तरी वाटलं की आपण गप्प बसलो ते बाबांच्या चेहऱ्याकडे बघून. कित्येक महिन्यांनी हसले होते ते, कसं मोडायचं? असं स्वतःला समजावणं सोपं होतं. पण खरं काय ते तिला पक्कं माहीत होतं. तिला ते वाक्य हवं होतं. बाकावरच्या बायका तिच्याकडे वळून बघत होत्या, मोठ्या मॅडम दारात उभ्या राहून हसत होत्या, आणि जन्मभर मालिश म्हणणारा बाप तिचं नाव डोक्यावर घेऊन नाचत होता. आज राहू दे, घरी गेल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. घरी गेल्यावर बाबांनी आईला तेच सगळं पुन्हा रंगवून सांगितलं. मग उद्या सांगू. उद्याचं परवावर गेलं. आणि असं करत करत ते सांगायचं राहिलं ते राहिलंच.

बाबांनी दुसऱ्याच आठवड्यात एका बेकरीच्या दर्शनी काचेचं काम घेतलं. माणसाच्या उंचीहून मोठी काच. लंबूकाका म्हणाले, मालक, थोडं थांबू या. बाबांनी खिशातून तो कागद काढून त्यांच्या नाकासमोर धरला. लंबूकाका काय बोलणार? कागदावर छापलेलं, तेही लेकीच्या दवाखान्यातलं.

अशी काच उचलताना तिला रबरी वाट्या चिकटवतात. वाटीला मूठ असते, ती धरायची आणि काच उभी न्यायची. सगळा भार मुठीवर. आणि या धंद्यात एक नियम पहिल्या दिवशी शिकवतात, तो म्हणजे सुटलेली काच धरायची नाही. हात सोडायचा, मागे उडी मारायची, फुटते तर फुटू द्यायची. काच दुसरी मिळते.

थोरलीला फोन आला तेव्हा ती एका आजोबांचा गुडघा वाकवत होती. बेकरीच्या पायऱ्यांवर काच पडली होती. बाबांना ओरखडासुद्धा नव्हता. लंबूकाकांचा उजवा तळहात आडवा कापला गेला होता, बोटं वाकवणाऱ्या आतल्या दोऱ्यांसकट. हॉस्पिटलात ती पोचली तर बाबा भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तो घडी घातलेला कागद होता. त्याच्या कडेला रक्त लागलेलं. ती तिथेच खाली बसली. लोकांना वाटलं, रक्त बघून घाबरली. इतकी माणसं तपासलेली मुलगी रक्ताला कशाला घाबरतेय? तो कागद होता म्हणून.

लंबूकाकांनी ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्याबरोबर सगळ्यांना सांगून टाकलं, माझा पाय पायरीवरून घसरला.

झालं. बाबांना ते पटलं. त्याचा पाय गेला म्हणूनच आपली मूठ सुटली, असं त्यांनी धरलं. वरून ते चिडलेही. भीतीने माणूस चिडतो तसे चिडले, पण चिडले. इतकी वर्षं या धंद्यात काढली आणि पाय कुठे टाकायचा हे कळत नाही? आणि सुटलेली काच धरायची नाही हे काय आता नव्याने शिकवायचं? रोज जेवताना हाच विषय. आई म्हणायची, अहो, पुरे आता, तो बिचारा पडून आहे. बाबा म्हणायचे, बिचारा कसला, बेफिकीर आहे. थोरली समोर बसून घास चिवडत राहायची. पातेल्यावर झाकण आपटलं तरी ती दचकायची.

टाके ओले असतानाच लंबूकाका दवाखान्यात यायला लागले, कारण असल्या हाताची बोटं लगेच हलवायला लागतात, नाहीतर आतल्या दोऱ्या चिकटून बसतात. मोठ्या मॅडमनी ते काम थोरलीकडेच दिलं. घरचा माणूस आहे, म्हणाल्या. थोरली त्यांचं एकेक बोट धरून हळूच वाकवायची आणि मान वर करायची नाही. एवढं उंच माणूस, खुर्चीत मावत नव्हतं, आणि हात तिच्या पुढ्यात लहान मुलासारखा ठेवून बसलेलं. एके दिवशी तेच बोलले.

“तुझ्या बापाची मूठ सुटली गं. मला काचेतून कळलं, एकदम सगळा भार माझ्याकडे आला. काच त्याच्या अंगावर चालली होती, म्हणून मी धरली.”

थोरलीने विचारलं, मग पाय घसरला असं का सांगितलं? लंबूकाका म्हणाले की त्याला आत्ता कुठे हात परत मिळालाय, पुन्हा गेला म्हटलं तर तो माणूस मोडून पडेल. माझ्यावर राहू दे ते, मी उंच आहे, मला पेलतं. आणि हसले. मग म्हणाले, तूही त्याला बोलू नकोस.

झालं का! आता तर तिला गप्प बसायची परवानगीच मिळाली होती. ज्याचा हात कापला गेला त्यानेच दिलेली. थोरलीला क्षणभर हलकं वाटलं, आणि आपल्याला हलकं वाटलं याची दुसऱ्या क्षणाला इतकी शरम वाटली की तिने त्यांचं बोट सोडून दिलं. आई झाकणं सैल करत होती ती मायेने. लंबूकाकांनी पाय घसरला म्हटलं ते मैत्रीपोटी. तिला वाटलं, म्हणावं का, मीही त्यातलीच? नाही. तिचं मूळ वेगळं होतं. तिला टाळ्या हव्या होत्या.

तरीही ती बोलली नाही. हे सांगायला नको वाटतं, पण नाही बोलली. आणखी काही दिवस तसेच गेले. कदाचित तशीच जन्मभर गप्प राहिली असती, पण बेकरीची दुसरी काच तयार होऊन आली. बेकरीवाला भला माणूस, दर्शनी भागाला फळ्या ठोकून पाव विकत होता आणि एका शब्दाने तगादा लावत नव्हता, आणि त्यामुळेच बाबांना जास्त टोचत होतं. रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बाबांनी धाकट्याला सांगितलं की उद्या दुकानातून सुट्टी घे, काच बसवायला तू चल. तू नुसता मागचा भार धर, पुढे मी आहे. धाकटा म्हणाला, येतो की. त्याला बिचाऱ्याला काय माहीत? तो लगेच कुठले हातमोजे घालायचे ते विचारायला लागला.

थोरलीला धाकट्याचे हात दिसत होते. गुळगुळीत, मोबाइल पुसायची सवय असलेले. ती उठली, आत गेली, आणि पिशवीतून यंत्र काढून बाबांच्या समोर टेबलावर ठेवलं.

“बाबा, दाबा.”

बाबा म्हणाले, आता कशाला, झाली की मोजणी. ती म्हणाली, दाबा. तिचा आवाज ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. बाबांनी दाबलं. काटा तीसच्या जरासा पुढे जाऊन थांबला. बाबांनी तबकडीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, चाळीस होती ना माझी? यंत्र बिघडलंय.

यंत्र बिघडलेलं नव्हतं. थोरलीने सांगायला सुरुवात केली आणि तिचं टक्क्यांचं सगळं शिक्षण ऐन वेळी जिभेवरून पळालं. शेवटी तिने त्यांच्याच धंद्यातलं विचारलं. चाळीस इंचांची एक काच आहे, ती निम्मी कापली, किती उरली? बाबा म्हणाले, वीस. आता जी उरली तिच्या निम्म्याइतकी वाढवायची, तर किती मोठी काच लागेल? बाबा म्हणाले, तीस, आणि थांबले.

मग त्यांनी बोटाने टेबलावर एक रेघ ओढली, मग तिच्यापेक्षा लहान एक, आणि मग हात उचलून घेतला. उत्तर कळलेलं दिसत होतं. जन्मभर काचा मापून कापलेल्या माणसाला ते कळायला वेळ लागणार नव्हता, फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं.

“म्हणजे पन्नास टक्के गेले ते चाळीसचे,” बाबा म्हणाले. “आणि आले ते वीसचे.”

“हो.”

“लंबूचा पाय घसरला नव्हता.”

“नाही.”

आईने दाराची चौकट धरली. धाकटा एकदा बाबांकडे, एकदा थोरलीकडे बघत होता. बाबांचं पुढचं बोलणं अगदी हळू आलं, चढ्या आवाजात आलं असतं तर बरं झालं असतं.

“त्या दिवशी दवाखान्यात तुला माहीत होतं?”

इथे थोरलीला खोटं बोलता आलं असतं. नंतर लक्षात आलं, असं म्हणता आलं असतं. बाबांनी लगेच विश्वास ठेवला असता, तिच्यावर तर त्यांनी तेवढाच विश्वास ठेवला होता. ती म्हणाली, “माहीत होतं. तुम्ही सगळ्यांसमोर माझं कौतुक करत होता. मला ते थांबवायचं नव्हतं.”

बाबांना हवं होतं की नाही कोण जाणे, पण हात पुढे गेला आणि त्यांनी टेबलावरची लोणच्याची बरणी उचलून झाकण फिरवलं. झाकण लोण्यासारखं फिरलं. ते त्याच्याकडे बघत राहिले. आई रडायला लागली आणि म्हणाली, अहो, ते मी सैल करून ठेवते. सगळीच ठेवते. बाबांनी बरणी खाली ठेवली, झाकण शेजारी ठेवलं, चपला घातल्या आणि बाहेर पडले. थोरली जिन्यापर्यंत मागे गेली. त्यांनी वळून बघितलं नाही.

लंबूकाकांच्या घरी त्या दोघांचं काय बोलणं झालं ते कुणालाच माहीत नाही. इतकंच कळलं की बाबा रात्रीच्या जेवणाला आले नाहीत, तिकडेच जेवले, आणि लंबूकाकांना घास करून त्यांनीच भरवला. दुसऱ्या दिवशी बाबा उठले आणि पलीकडच्या गल्लीतल्या काचवाल्याकडे गेले. या माणसाशी त्यांचं कधी पटलं नव्हतं, त्याचं नाव निघालं तरी ते तोंड वाकडं करत. त्याला जाऊन म्हणाले, बेकरीची काच तू बसव, माझ्याच्याने होत नाही. हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं यावर आईचा दोन दिवस विश्वास बसत नव्हता.

थोरलीशी ते बोलायचे. मीठ दे, दार लाव, उशीर होणार आहे का, एवढं. मालिश म्हणणं बंद झालं होतं. थोरलीला वाटायचं, एकदा म्हणावं त्यांनी, पाय चेपायला चाललीस का म्हणून. ते म्हणत नसत. दवाखान्यात तिने मोठ्या मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम आधी म्हणाल्या की टक्के तर बरोबरच होते. मग म्हणाल्या की कागद बदलायचा तर संगणकवाल्याला बोलवायला लागेल, बघू. अजून बघूच चाललं होतं.

लंबूकाकांचा हात यंत्रावर ठेवण्याइतका बरा झाला तेव्हा पहिल्यांदा काटा आठवर गेला. त्या दिवशी थोरलीने कागद छापलाच नाही. पण दुसऱ्या मोजणीला मोठ्या मॅडम स्वतः संगणकावर बसल्या होत्या, आणि लंबूकाकांबरोबर बाबाही आले होते. त्या रविवारनंतर बाबांनी दवाखान्यात पाऊल ठेवलं नव्हतं. ते तिच्याकडे न बघता कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. लंबूकाकांनी दाबलं. काटा बारावर आला. मॅडमनी बटण दाबलं, प्रिंटरमधून कागद बाहेर आला, आणि त्यांनी तो हसत हसत लंबूकाकांपुढे धरला. प्रगती पन्नास टक्के.

लंबूकाकांच्या डाव्या हातात तो कागद जाण्याआधीच बाबांनी तो घेतला. चष्मा कपाळावर चढवला. थोरलीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं.

“पन्नास टक्के कशाचे?” बाबांनी विचारलं.

त्यांनी ते मॅडमना विचारलं नव्हतं. ते तिच्याकडे बघत होते. कित्येक आठवड्यांनी सरळ तिच्याकडे.

“आठाचे,” थोरली म्हणाली. “आठाचे बारा झालेत.”

“आणि मूळचे किती होते?”

“ते माहीत नाही, बाबा. काकांचा हात चांगला असताना मोजलाच नव्हता. यंत्र घरी आणलं तेव्हा त्यांनी दाबलं नाही.”

बाबा लंबूकाकांकडे वळले. त्या संध्याकाळचं त्यांनाही आठवलं असावं. टाळ्या, चहा, बाल्कनीत निघून गेलेला उंच माणूस. त्यांनी विचारलं, “का रे नाही दाबलंस?”

लंबूकाका आधी आपल्या हाताकडे बघत बसले. मग म्हणाले, “तुझी चाळीस आली होती ना, मालक. घर सगळं टाळ्या वाजवत होतं. कशाला दाबू?”

बाबांचा चेहरा बघवत नव्हता. इतकी वर्षं काच त्यांच्याकडे उतरती असायची आणि तरीही त्यांना कधी जड का नाही लागली, ते त्यांना आत्ता कळत होतं. त्यांनी तो कागद टेबलावर उलटा ठेवला, खिशातलं पेन काढलं आणि थोरलीपुढे धरलं.

“लिही. मूळचे चाळीसच्या वर. किती वर ते याने सांगितलं नाही.”

थोरलीने लिहिलं. अक्षर नीट येत नव्हतं, डोळ्यांतलं पाणी कागदावर पडत होतं आणि बाबांनी ते पुसायला सांगितलं नाही. तिने खाली लिहिलं, आता बारा. टक्के लिहिले नाहीत. मग बाबांनी यंत्र उचलून लंबूकाकांच्या हातात दिलं आणि म्हणाले, पुन्हा दाब.